शून्य कुठून धरायचं? गुडघ्याच्या लिगामेंटचं मॉडेल: प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

कामाची हद्द आधीच लिहून ठेवतो. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटवर (मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारी दोरी) जोर आला की ते किती ताणतं आणि कितपत धरून ठेवतं, एवढंच संगणकावर उभं करायचं. सबंध गुडघा नाही, चालणं-धावणं नाही. सॉफ्टवेअर फेबायो. युटा विद्यापीठात जेफ वाइस यांच्या प्रयोगशाळेत ते सुरू झालं, पुढे कोलंबिया विद्यापीठाचे जेरार्ड अटेशियन त्यात आले. मऊ ऊतींसाठीच बनवलेलं आहे, फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

निमित्त घरचंच. धाकट्या काकांचा पोरगा कबड्डीत चढाईला गेला, पाय रोवून गर्रकन वळला आणि एसीएल तुटलं. कोणी हातही लावला नव्हता. हे लिगामेंट बहुतेकदा असंच तुटतं. त्याचा प्रश्न मात्र सरळ होता: "दादा, दोन-दोन पोराईले ओढत आनतो मी लाइनीवर. मंग नुसतं वळल्यानं कसं तुटलं?"

उत्तराचा पहिला तुकडा साव्हिओ वू आणि सहकाऱ्यांच्या १९९१च्या मोजमापात आहे. २२ ते ३५ वयाच्या माणसांचं एसीएल दोन्ही टोकांच्या हाडांसकट काढून, त्याच्या स्वतःच्या दिशेत ओढलं, तर सरासरी २१६० न्यूटनला तुटतं. म्हणजे साधारण २२० किलोचं ओझं. ६० ते ९७ वयोगटात हाच आकडा ६५८. तुटण्याआधीच्या सरळ भागात तरुण लिगामेंट एक मिलिमीटर लांबवायला २४२ न्यूटन लागतात. आकडे भक्कम वाटतात, पण ते "स्वतःच्या दिशेत" आहेत. रोवलेल्या पायावर वळताना जोर त्या दिशेत येत नाही, आणि सगळ्या तंतूंवर सारखा तर येतच नाही.

उपचार काय करायचा ते डॉक्टर ठरवतील. हे मॉडेल त्यासाठी नाही, हे त्यालाही सांगून ठेवलंय.

१३ नोव्हेंबर

फेबायोला हात लावण्याआधी साध्या एक्सेलवर. ब्लांकेव्होर्ट आणि हुइस्केस यांनी १९९१ मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटला स्प्रिंगच्या जुडग्यांसारखं मांडलं. प्रत्येक स्प्रिंग ढिली असताना जोर शून्य. ताणायला लागली की आधी जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ६ टक्के ताणानंतर सरळ रेषेत. एसीएलच्या एका जुडग्यासाठी ताठपणा ५००० न्यूटन धरतात. एवढ्यावर टाकून पाहिलं: २ टक्के ताणाला १७ न्यूटन, ४ टक्क्यांना ६७, ६ टक्क्यांना १५०.

सुरुवातीचा हा मऊ भाग म्हणजे पायाचं बोट. आलेखाचा आकारच तसा दिसतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला टो रिजन म्हणतात. कारण ऊतीच्या बांधणीत आहे. कोलॅजेनचे तंतू विसाव्यात असताना लहरी-लहरींचे असतात. आधी लहरी उलगडतात, तेव्हा जोर फारसा लागत नाही. सगळ्या सरळ झाल्या की मग खुद्द तंतू ताणायला लागतो आणि आलेख उभा चढतो. सगळ्या लहरी एकदम उलगडत नाहीत, म्हणून वळण गोल येतं, कोपरा येत नाही.

एसीएलची दोन मुख्य जुडगी आहेत. गुडघा वाकला की पुढचं-आतलं जुडगं ताठ होतं, पाय सरळ केला की मागचं-बाहेरचं. म्हणजे कोणत्याही कोनात काही तंतू कामावर, काही आरामात. "लिगामेंटची लांबी किती?" याचं एक उत्तर नाहीच.

१७ नोव्हेंबर

पुस्तकातले आकडे नुसते उचलून टाकायचे नव्हते. निदान एक ऊत आपल्या हातानं ताणून पाहायची. बैलाची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी शीर) मिळण्याचा प्रश्नच नाही, राज्यात २०१५ पासून गोवंश हत्येला बंदी आहे. म्हणून बजारातला खाटीक गाठला. बोकडाच्या पुढच्या पायाच्या समोरून खाली खुरापर्यंत जाणारी पातळ, लांब कंडरा पाहिजे होती. अट एकच, पाय भाजलेले नकोत. पायाच्या रश्शासाठी केस जाळायला ते आगीवर धरतात, आणि ६०-६५ अंशांच्या पुढे कोलॅजेन आखडतं. मग मोजायचं काय?

"भाऊ, पाये नाई, निस्ती शीर कायले पाह्यजे तुमाले? ते त आमी कुत्र्याले टाकतो."

"ताणून पाहाची हाय."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळे पाय फुकट दिले.

९ ग्रॅम मीठ एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. त्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात. गोठवल्यानं लिगामेंटच्या ताणण्यात मोठा फरक पडत नाही, हे वू यांच्याच जुन्या कामात आहे. वाळल्यानं मात्र पडतो. कंडरेत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. ते गेलं की हातात चामड्याची वादी उरते.

आई म्हणाली, फ्रिज आता तुझाच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. काम बंद. ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याकडून लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्ट तेवढे आणले.

२३ नोव्हेंबर

कोठ्यातल्या आड्याला वरचा चिमटा बांधला. खालच्या चिमट्याला ताटली, ताटलीत किराणा दुकानातली लोखंडी मापं. चिमट्यात पॉलिश पेपर, तरी कंडरा निसटणारच, ओली आणि गुळगुळीत आहे. जगभरच्या प्रयोगशाळा याच एका गोष्टीशी झगडतात. कोणी चिमटे गोठवतात, कोणी टोकं वाळवून चिकटवतात. उपाय असा की चिमट्यांमधलं अंतर मोजायचंच नाही. कंडरेच्या मधल्या भागावर मार्करच्या शाईचे दोन ठिपके ६० मिलिमीटरवर दिले, फोन स्टँडवर पक्का केला, आणि प्रत्येक मापानंतर फोटो. फोटोत ते अंतर साधारण ३००० पिक्सेल भरतं. म्हणजे एक पिक्सेल ०.०२ मिलिमीटर. एवढं पुरे.

छेदाचं क्षेत्रफळ हा दुसरा चकवा. कॅलिपरनं दाबलं की कंडरा चपटी होते आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. १०० मिलिमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला: ०.६७ ग्रॅम. कंडरेची घनता घनसेंटिमीटरला १.१२ ग्रॅम धरतात. आकारमान ०.६ घनसेंटिमीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मिलिमीटर. सोनारानं पावती करू का विचारलं.

२४ नोव्हेंबर

प्रयोगाचा निकाल. आधी १० किलो चढव-उतर करून कंडरा "बसवून" घेतली, कारण पहिल्या काही ओढींचा आलेख पुढच्यांशी जुळत नाही. मग मोजणी.

१० किलोला स्ट्रेस (जोर भागिले क्षेत्रफळ) १६.३ मेगापास्कल, २० किलोला ३२.७. या दोन्हींच्या मध्ये ठिपक्यांतलं अंतर १.३ टक्क्यांनी वाढलं. स्ट्रेसमधल्या वाढीला या वाढीनं भागलं की ऊतीचा ताठपणा, सुमारे १.२६ गिगापास्कल. सस्तन प्राण्यांच्या कंडरेसाठी १ ते दीड गिगापास्कल सांगतात, त्यात बसतं. गंमत म्हणून चिमट्यांमधलं अंतरही टिपलं होतं. त्यावरून आकडा ०.६५ येतो, निम्मा. जी निसट चिमट्यात झाली ती ऊतीच्या खात्यावर पडते. जुन्या तक्त्यांतले कमी आकडे पाहिले की आधी "लांबी कुठून कुठे मोजली?" हे शोधावं.

खरी मेख पुढे आहे. शून्य कोणतं? नुसती ताटली टांगली तेव्हाची लांबी शून्य धरली तर बोटाचा भाग लांबलचक दिसतो. अर्धा किलोवर शून्य धरलं तर तो आखूड होतो, कारण मधल्या बऱ्याच लहरी तेवढ्यातच उलगडल्या. आणि ताटलीही नसेल तर कंडरा नुसती लोंबते, तिला लांबीच नसते. सरळ भागाचा उतार मात्र दोन्हीत तोच, १.२६. उताराला शून्याचं देणंघेणं नाही, बोटाला आहे.

हे वहीत लाल पेनानं लिहिलं.

२५ नोव्हेंबर

१० किलो टांगून ठेवले. पहिल्या मिनिटात कंडरा जेवढी सरकली, म्हणजे लांबली, तेवढी पुढच्या दहा मिनिटांतही सरकली नाही. तरी थांबली नाही. वेळ लॉगरिदमच्या मापात मांडला की रेघ जवळपास सरळ. य. च. फुंग यांनी हाच स्वभाव पकडला: स्ट्रेस म्हणजे ताणावर अवलंबून असलेला एक भाग गुणिले वेळेवर अवलंबून असलेला दुसरा. १९६७ मध्ये त्यांनी ताणाचा भाग घातांकी लिहिला आणि पुढे त्याला वेळेची जोड दिली. आजही बहुतेक मॉडेलं त्याच दोन पायांवर उभी आहेत. मी वेळेचा भाग सध्या बाजूला ठेवतोय. वळण्याची ती झटापट सेकंदाच्या छोट्याशा भागात संपते, तेवढ्यात सरकायला वाव नाही.

४ डिसेंबर

कापसाचा वेचा जोरात, घरचे सगळे वावरात. लाईन दिवसा टिकली म्हणून फेबायोचं काम.

गुडघ्याची भूमिती ओपन नी प्रकल्पातून घेतली. क्लीव्हलँड क्लिनिकच्या अहमेत एर्देमिर यांच्या गटानं देहदान झालेल्या गुडघ्याचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. पहिला गुडघा ७० वर्षांच्या बाईचा. चुलत भावाचा स्वतःचा एमआरआय आहे, पण त्यात एसीएल तुटलेलं, आणि नेहमीच्या तपासणीत एक छेद सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा असतो. एसीएल सगळं मिळून ३२ मिलिमीटरच्या आसपास. एक टक्का ताण म्हणजे ०.३२ मिलिमीटर. ज्या चित्रात ३ मिलिमीटरची पायरी आहे त्यावरून १ टक्का कसा काढणार?

पदार्थाचं सूत्र: वाइस, मेकर आणि गोविंदजी यांचं १९९६चं. तंतू एका दिशेत, भोवती मऊ गर, पाण्यामुळे आकारमान जवळपास न बदलणारं. तंतूंचा जोर आधी घातांकी, ठरावीक ताणानंतर सरळ. फेबायोत हा पदार्थ तयारच आहे.

७ डिसेंबर

"निगेटिव्ह जेकोबियन". फेबायो वापरणाऱ्या प्रत्येकाची या वाक्याशी ओळख आहे. मॉडेल ज्या लहान-लहान विटांत तोडलेलं असतं त्यातली एखादी दाबून-पिळून आतली बाहेर झाली की सॉफ्टवेअर हात वर करतं. एसीएल हाडाला जिथं चिकटतं तिथं पसरट होतं आणि वाटेत पीळ खातं, त्या टोकाच्या विटा आधीच वाकड्या. टोकाची जाळी बारीक केली, जोराची पायरी लहान केली. चाललं.

तंतूंची दिशा देणं जास्त मजेचं. पीळ असलेल्या दोरीत "वरून खाली" अशी एकच दिशा चालत नाही. त्याची एक सुंदर युक्ती आहे. लिगामेंटच्या वरच्या टोकाला तापमान १, खालच्या टोकाला ०, बाजू बंद, आणि उष्णता कशी वाहील ते सोडवायचं. उष्णतेची वाट तीच तंतूची वाट. खरी उष्णता कुठंच नाही, पण वळणं अगदी बरोबर येतात.

१५ डिसेंबर

आता लाल पेनाची ओळ परत समोर आली.

एमआरआयमधला आकार हा विसाव्यातला आकार नाही. शरीरात लिगामेंट कधीच पूर्ण ढिलं नसतं. हाडापासून सोडवलं की ते आखडतं, म्हणजे आत असताना ते आधीच काही टक्के ताणलेलं होतं. या आधीच्या ताणाला पूर्वताण म्हणू. मॉडेलमध्ये चित्रातला आकार शून्य धरला तर लिगामेंट झोपलेलं राहतं आणि गुडघा खुळखुळा होतो.

एमसीएलसाठी (गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट) रूढ असलेले स्थिरांक टाकून तंतूंच्या स्ट्रेसचा वाटा हातानं काढला: सी३ (जोराचं प्रमाण) ०.५७ मेगापास्कल, सी४ (घातांकातला, चढ किती तीव्र ते सांगणारा) ४८. एसीएलचे नाहीत, पण कल येतो.

२ टक्के: ०.९ मेगापास्कल
३ टक्के: १.८
४ टक्के: ३.३
५ टक्के: ५.७

क्षेत्रफळ ४० चौरस मिलिमीटर धरलं तर ३ टक्के पूर्वताणाला लिगामेंट ७३ न्यूटननं ओढलेलं आहे, ४ टक्क्यांना १३३ न्यूटननं. फरक एका टक्क्याचा, म्हणजे त्या ०.३२ मिलिमीटरचा. गुडघा तपासताना नडगी पुढे ओढायला जो नेहमीचा जोर वापरतात तो १३४ न्यूटन. म्हणजे ओढायला सुरुवात करण्याआधीच मॉडेल तपासणीएवढा जोर खाऊन बसलंय.

सी३ आणि सी४ कडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. शून्य १ टक्क्यानं सरकवलं की घातांकातून एक गुणक बाहेर पडतो, ४८ गुणिले ०.०१चा, आणि तो सरळ सी३ला चिकटतो. सी३ सुमारे १.६ पट होतो, सी४ तिथंच. म्हणून दोन शोधनिबंधांतले सी४ जुळतात आणि सी३ कुठल्या कुठं असतात. त्यातला बराच भाग ऊतींमधला फरक नसून शून्य धरण्यातला फरक आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. नवीन सूत्र शोधणाऱ्यांची रांग लागलीय. शून्य कसं धरलं ते मात्र एका ओळीत उरकतात, कधी तेही नाही.

२९ डिसेंबर

फेबायोत पूर्वताण देण्याची सोय आहे, पण दिला की आकार हलतो, कारण ताणलेलं लिगामेंट लगेच आखडायला बघतं. मग सॉफ्टवेअर पूर्वताणातच थोडी दुरुस्ती करत राहतं, आकार चित्रासारखा टिकेपर्यंत. मागितलेले ३ टक्के सगळीकडे ३ राहत नाहीत. हाडाजवळ कमी-जास्त होतात. चालायचंच.

रात्री लाईन गेली, बॅटरीवर अर्धं गणित. फेबायोला थांबल्या जागेवरून पुढे चालू करता येतं, तेवढं बरं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. भाऊ काठी घेऊन तीळगूळ द्यायला आला. ऑपरेशन ठरलं. मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढून, दुमडून चार पदरांचं नवीन एसीएल करणार. त्याला धास्ती एकाच गोष्टीची, "मांडीची शीर काढून लावली त ते तेवढी मजबूत राहीन का?"

ताकदीचा प्रश्नच नाही. चार पदर सारखे ताणून एकत्र ओढले तर ते ४००० न्यूटनच्या वर जातात, मूळ एसीएलच्या जवळपास दुप्पट. अट "सारखे ताणून" ही.

बाबा ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसले होते. बोलणं ऐकून म्हणाले, "चारही पदरं एका तानात पाह्यजे. एक ढिला राह्यला त बाकीचेच मरते. ढिला पदर फुकटचा."

एवढं सरळ मला चार पानांत लिहिता आलं नसतं.

१९ जानेवारी

बाबांचं वाक्य आकड्यांत. एसीएलचं मॉडेल बाजूला ठेवून चार स्प्रिंगचं छोटं गणित केलं, १३ नोव्हेंबरच्याच सूत्रानं. प्रत्येक पदराचा ताठपणा १०,००० न्यूटन, बोटाचा भाग ३ टक्क्यांपर्यंत. हे आकडे मी धरलेले आहेत, कोणाच्या मांडीतले नाहीत.

चारही सारखे: ४०० न्यूटनचा जोर आला की प्रत्येकी १००, ताण २.४ टक्के.

दोन पदर ३ टक्क्यांनी ढिले: त्याच ४०० न्यूटनला ताठ पदर १९६-१९६ घेतात. ढिले दोन्ही मिळून ७. ताण ३.५ टक्के. कागदावर चार पदर, कामावर दोन.

गुडघ्याच्या आतला भाग ३० मिलिमीटरचा धरला तर ३ टक्के म्हणजे ०.९ मिलिमीटर.

मोठ्या जोराला चित्र थोडं सुधारतं. ताठ पदर १० टक्क्यांना तुटतो असं धरलं तर सारख्या पदरांचे ३४०० न्यूटन होतात, असमान पदरांचे पहिला पदर तुटेपर्यंत २८००. रोजच्या चालण्या-वळण्याच्या जोराला मात्र ढिले पदर जवळपास बघेच राहतात. 

सर्जन पदर आधी पाटीवर ताणून ठेवतात त्याचं कारण इथं दिसतं. २५ नोव्हेंबरला बोकडाची कंडरा टांगल्यावर पहिल्या मिनिटातच जी सरकली, ती सरक शरीराबाहेर उरकून घ्यायची. ताठ पदर जास्त सरकतो, ढिला कमी, म्हणजे थोडं समानही होतं. वेळेचा भाग मी वळण्याच्या गणितातून काढला होता. इथं तो लागणार.

२६ जानेवारी

फेबायोत चार पदरांचं मॉडेल चढवलं. वेळेचा भाग जोडला. प्रत्येक पदराचा पूर्वताण वेगळा आकडा म्हणून फाईलच्या सुरुवातीलाच ठेवलाय: २, २, २ आणि ०.५ टक्के. आधी फक्त हा शेवटचा आकडा बदलत नेणार, बाकी कशालाही हात नाही. खाटकाला आणखी चार पाय सांगून ठेवलेत. यावेळी दोन कंडरा शेजारी-शेजारी टांगायच्या, एक मुद्दाम एक मिलिमीटर लांब, आणि कोणती किती ओझं घेते ते दोन वेगळ्या ताणकाट्यांवर पाहायचं. दुसरा ताणकाटा जिनिंगवाल्या मित्राकडून आणायचाय, तो कापूस संपल्यावर देतो म्हणालाय.